ढमढेरे सरांची प्रश्नपत्रिका

ढमढेरे सर कोणतंही परिपत्रक तीनदा वाचत. एकदा उभं राहून, एकदा बसून आणि एकदा चष्मा काढून. मग घडी घालून खिशात ठेवत आणि म्हणत, "कळलं नाही, पण पाळू."

वारज्यातल्या आमच्या महापालिकेच्या शाळेत ते तिसरीला शिकवायचे. मी शेजारच्या चौथीची बाई. सरकारी चाचण्या जवळ आल्या की रोज नवं परिपत्रक यायचं, आणि आमच्यासारखी शहाणी माणसं त्यातलं सोयीचं तेवढं बघायची. सरांना ते जमत नसे. 'गुण आजच भरावेत, लिंक उद्या सुरू होईल' असं आलं, तर हा गृहस्थ संध्याकाळी सहापर्यंत मोबाइल समोर ठेवून बसायचा. मला त्यांचा राग यायचा. इतकं सरळ असून चालतं का?

एकदा आलं, तोंडी परीक्षा प्रत्येक मुलाची वेगळी घ्यावी, इतरांना ऐकू जाऊ नये. त्याखालीच होतं, शिक्षकाने वर्ग सोडू नये. आम्ही सगळे गोंधळलो. सरांनी मात्र एकेका मुलाला कोपऱ्यात घेतलं आणि बाकी सगळ्या वर्गाला कानात बोटं घालायला लावली. परीक्षा संपल्यावर "काढा आता" म्हणाले, तर ते कुणालाच ऐकू गेलं नाही! शेवटी मी जाऊन खुणेने बोटं काढायला लावली.

गेल्या वर्षी दिवाळीआधी त्यांच्या वर्गात कोमल आली, वाशीमकडची. वडील इमारतीच्या कामावर. जुन्या शाळेने तिचं नाव ऑनलाइन यादीतून सोडलं नव्हतं, म्हणून आमच्या यादीत ते चढेना. आणि प्रश्नपत्रिका येतात यादीप्रमाणे, मोजून. चाचणीच्या दिवशी पोरगी दोन पेन्सिली टोकदार करून पहिल्या बाकावर बसलेली. सगळ्यांना वाटून झाल्यावर तिने विचारलं, "सर, माहा पेपर?"

सर धावत माझ्याकडे आले.

"अहो, तिला चित्र काढायला बसवा," मी म्हणाले. "यादीत नाही तिला पेपर नाही. झेरॉक्सही काढायची नाही, स्पष्ट लिहिलंय."

त्यांनी खिशातून परिपत्रक काढून तीनदा वाचलं.

"झेरॉक्स काढू नये, बरोबर. हाताने लिहू नये असं कुठे आहे?"

आणि त्यांनी अख्खी प्रश्नपत्रिका रेघी कागदावर उतरवली. 'चित्र पाहून पाच वाक्ये लिहा' मधली गायसुद्धा काढली. ती गाय कोमलला बकरी वाटली. तिने बकरीवर पाच वाक्यं लिहिली आणि सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. ते गुण भरायला लिंकमध्ये जागा नव्हती. दिवाळीनंतर पेपर मुलांच्या हाती दिले, तेव्हा कोमल नव्हती. वडिलांचं काम पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, खराडीला गेलं होतं.

या मे महिन्यात सर निवृत्त झाले. त्यांचं कपाट रिकामं करायला मी मदत करत होते. तळाशी एक फाइल निघाली. त्यात हाताने लिहिलेल्या, तपासलेल्या कितीतरी प्रश्नपत्रिका होत्या. सगळी यादीत नसलेली मुलं. सगळ्यात वर बकरी.

"हे कशाला ठेवलंत, सर?"

"दोन रविवार खराडीला जाऊन आलो. साइटवरचे वॉचमन आत सोडत नाहीत, म्हणतात कोणती कोमल?" सर कपाटाकडे बघत म्हणाले. "पोरांनी मन लावून लिहिलंय हो. उद्या कुणी येऊन म्हणालं, सर, माझा पेपर तपासला का, तर?"

मला वाईट वाटलं. त्या दिवशी मीच तिला चित्र काढायला बसवा म्हणाले होते.

"आता तुम्ही ठेवाल?" त्यांनी फाइल पुढे केली.

ती आता माझ्या कपाटात आहे. अजून कुणी मागायला आलेलं नाही. पण वर्गात नवं मूल आलं की यादी उघडायच्या आधी मी त्याचं नाव विचारते आणि एकदा फाइल बघून घेते.