सायलेन्सर बारीक झालाय

रहिमतपुरात कुणाच्या पँटीवर गुडघ्याखाली काजळीचा गोल डाग दिसला, तर तो माणूस आप्पांचा शेजारी समजावा. माझ्या चार पँटींवर आहे. मिलिटरीतून सुभेदार होऊन परतलेले आप्पा आपल्या जुन्यापुराण्या फियाटमागे माणसाला उभं करतात, इंजिन चालू करतात, दणकून रेस देतात आणि खिडकीतून मुंडकं काढून ओरडतात, "मास्तर, रिपोर्ट!"

रिपोर्ट आवाजाचा द्यायचा. भरीव की पोकळ, एवढंच. एकदा मी नुसतं "चांगला आहे" म्हणालो, तर आप्पा भडकले. "चांगला म्हंजे? जावयाची चौकशी करताय व्हय?"

मूळचा धुराचा पाइप दीड इंची. आप्पांनी तो पावणेदोन केला आणि सायलेन्सर छोटा बसवला. मग आणखी छोटा. काढून टाकलेले सायलेन्सर त्यांच्या ओट्याखाली ओळीने पडलेले असतात आणि येणारा पाहुणा त्यांना ठेचकाळतो. आमच्या बोळात कुणाची दुपारची झोप झाली नाही की समजायचं, आप्पांनी नवा सायलेन्सर आणला. शेवटी मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. बावीस जणांनी सह्या केल्या. तो खिशात घालून निघालो, तर आप्पांनीच मला गाठलं आणि सांगलीला नेलं.

तिथल्या मिस्त्रीने हात जोडले. "आवं सुभेदार, एवढ्याशा इंजनाला दोन इंची पाइप? गाडीचा दम जाईल. चढाला रडंल ती."

"रडू दे. मी ढकलीन," आप्पा म्हणाले. "आन सायलेन्सर नुसता नावाला ठेव."

येताना चढाला गाडी खरंच रडली. ढकलीन म्हणणारे आप्पा स्टेअरिंगवर होते आणि मागे मी. चौथी पँट गेली. वर पोचल्यावर माझा संयम सुटला.

"आप्पा, पुरे झालं हे! बोळानं तुमच्याविरुद्ध अर्ज केलाय. मीच लिहिलाय!"

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"बोळाच्या तोंडाशी गाडी आली की आमची मंडळी आवाज वळखून च्या ठेवायची. तीस वर्सं, मास्तर, कवा चुकली न्हाई. गेल्या सालापास्नं तिला ऐकू कमी येतंय. मी एकदम म्होरं दिसलो की दचकती. मग वशाळती, डोळं पुसती. म्हणती, मी आता कामाची न्हाई ऱ्हायली. तवा मी म्हणलं, तुझं कान ठणठणीत हायत, ह्यो सायलेन्सर बारीक झालाय, आवाजच फुटंना त्याचा."

मला स्वतःचीच लाज वाटली.

बोळाच्या तोंडाशी आप्पांनी असा काही आवाज काढला की माणसं घराबाहेर आली. दारात गाडी चालूच ठेवून ते म्हणाले, "मास्तर, आत जाऊन बघा. माझं धाडस हुईना."

मी आत गेलो. चहाचं आधण चढलं होतं. काकू दाराकडे पाठ करून उभ्या होत्या आणि फडताळातल्या कपबशांकडे टक लावून बघत होत्या. कपबशा थडथडत होत्या. वळून मला बघताच त्या चपापल्या. मग त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर गाडी बंद झाली. आप्पा बिचकत बिचकत आत आले.

"आवं, आज कसं सपष्ट ऐकू आलं बघा!" काकू म्हणाल्या. "बरं झालं सायलेन्सर बदलला ते."

आप्पांची छाती फुगली. भरल्या डोळ्यांनी ते माझ्याकडे वळले. "मास्तर, रिपोर्ट!"

"भरीव," मी कसंबसं म्हणालो.

अर्ज अजून माझ्याच खिशात आहे. बावीस जणांना सांगितलंय, नगरपालिकेतले साहेब रजेवर आहेत.