पैलवानाच्या वजनाचं स्टिकर

"काका, ह्या स्टिकरवर पैलवान बसला तर टिकंल काय?"

हे विचारायची पैज ऋता आणि क्रांती ह्या मैत्रिणींनी लावली होती, आणि आता दोघी दुकानाच्या पायरीवर तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायच्या नावानं घाम फुटणारी शांभवी मात्र काउंटरवर कोपर टेकून उत्तराची वाट बघत होती.

गाड्यांवर नावं चिकटवणाऱ्या गुंडूकाकांनी चष्मा वर सारला. "किती किलोचा?"

"एकशेवीसचा. अंगाला तेल, वर तांबडी माती."

"मग हे हसण्यावारी न्यायचं काम न्हाय," म्हणत काकांनी तीन प्रकारची स्टिकरं काढली.

प्रश्न थट्टेचा असला तरी गरज खरी होती. तालमीच्या दारात, एसटी थांब्यापाशी एक बाकडं होतं. भाजी विकून कागलला परतणाऱ्या म्हाताऱ्या गंगव्वाला त्यावर कधी जागाच मिळत नसे. मेहनत करून आलेले दोन पैलवान बसले की बाकडं संपलं. "गंगव्वा, तुझी जागा मी करून देते," असं शांभवी भर चौकात बोलून बसली होती. आता शब्द फिरवायचा म्हणजे वर गेलेला हात पुन्हा खाली घ्यायचा.

पहिल्या स्टिकरची संध्याकाळपर्यंत सुरळी झाली. दुसरं चांगलं जाड होतं, पण शांभवीनं ते वर्षानुवर्षं मुरलेल्या तेलावरच लावलं. ते बाकड्याला काही धरलं नाही. सम्राट पैलवानाच्या चड्डीला मात्र धरलं. त्याला पत्ताच नाही. तो डुलत डुलत दूधकट्ट्यावर गेला, धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावला, आणि मागं हशा पिकला. पैलवानाच्या पाठीमागं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: 'ही जागा आजी-आजोबांची'.

रिकामी पाटी घेऊन निघालेल्या गंगव्वानं अक्षरं लावून लावून वाचली. "बाळा, जरा वाकतोस काय? कवाधरनं हुबी हाय मी."

दुसऱ्या दिवशी शांभवी माफी मागायला गेली तर सम्राट म्हणाला, "माफी कसली? माझ्या तोडीचं घावंस्तवर सोडू नगंस." एवढा मोठा माणूस आणि रागाचा लवलेश नाही. शांभवी त्याच्याकडं बघतच राहिली.

"तिसरं ट्रकच्या मागं लावतो ते," गुंडूकाका म्हणाले. "वरनं पातळ पारदर्शक थर हाय, घासलं तरी अक्षर जात न्हाय. पण आदी तेल काढ. कोपरं गोल काप, न्हाईतर लोकं नखानं उचकटत्यात. आणि लावल्यावर एक दिवस कुणाला बसू दिऊ नगंस."

तालमीचे बाळासो वस्ताद पेठ वडगावच्या कुस्ती-मैदानाला गेले होते. पैलवान हौसेनं कामाला लागले. एक बाकडं धुतोयच तर वस्तादांचंही धुऊ, म्हणून आतलं बाकडंही त्यांनी काखेत मारून अंगणात आणलं. हे वस्तादांच्या गुरूंचं बाकडं. वस्तादांशिवाय त्यावर कोणी टेकलं नव्हतं. दोन्ही साबणानं खसाखसा घासली, उन्हात वाळवली. शांभवीनं त्यातल्या एकावर स्टिकर ठेवून अंगठ्यांनी मधून कडेला असं दाबत नेलं की एक बुडबुडा राहिला नाही. ते दारात मांडून सम्राटनं रात्रभर राखण केली.

सकाळी वस्ताद आले. दारातल्या बाकड्यावर हात फिरवला आणि थबकले.

"हे गुरूंचं बाकडं हितं कुणी आणलं?"

तेलमाती गेल्यावर दोन्ही बाकडी जुळ्या भावांसारखी दिसत होती, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"काढा ते," वस्ताद स्टिकरकडं बोट दाखवून म्हणाले.

सम्राटनं नख लावलं. गोल कोपऱ्यावरनं घसरलं. मग सुरीनं कड उचलून तिघं भिडले. बाकडं जमिनीवरनं उठलं, स्टिकर बाकड्यावरनं उठलं नाही. वस्तादांनी खाली बसून स्टिकरच्या कडेवरनं अंगठा फिरवला.

"ह्याला म्हणत्यात पकड. तुमच्यातल्या एकाची तरी हाय काय अशी? कुणी दाबलंय हे?"

"मी," शांभवीनं हात वर केला.

तेवढ्यात गंगव्वा आली, पाटी खाली ठेवली, वाचलं आणि ऐसपैस बसली. साऱ्या पैलवानांनी वस्तादांकडं पाहिलं.

"बस की रं बाळासो. तुझंबी वय झालंय, लिवलंय बघ."

वस्तादांनी एकदा आत भिंतीवरच्या गुरूंच्या तसबिरीकडं पाहिलं. मग तिच्या शेजारी टेकले. "ऱ्हाऊ दे हे दारातच. म्हातारं माणूस हुबं ऱ्हायलेलं गुरूंनाबी चाललं नसतं."

रात्री जेवताना शांभवीनं ताटावरनं मान वर केली.

"अप्पा, आई, उद्यापासनं मी तालमीत जाणार."

"अगं, आता किती स्टिकरं लावतीस?" आई म्हणाली.

"लावायला न्हाय. लढायला."