सातव्या प्रकरणातली केळी

प्रकाशन संध्याकाळी पाच वाजता होतं, आणि सकाळी साडेनऊला मधुकर महाजन सरांनी आपल्याच पुस्तकाचं एकशे बारावं पान उलटलं, तर पुढे सतरावं पान निघालं. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं : ‘पिलांची छाटणी व खतांचे हप्ते’.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. खाली केळीच्या खोडाचं चित्र होतं. पुढची सोळा पानं केळीच होती. एकशे एकोणतिसाव्या पानावर पुस्तक पुन्हा शहाण्यासारखं सुरू होत होतं. त्यांनी दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली, मग दिवाणाखाली रचलेल्या गठ्ठ्यातून मधूनच एक ओढली. सगळीकडे बाग सारखीच बहरली होती.

सरांनी बऱ्हाणपुरात एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला होता. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं खपून त्यांनी हे चरित्र लिहिलं होतं, लोधीपुऱ्यातल्या त्र्यंबक गुरुजी साळी यांचं. गुरुजी विणकर होते. नव्वद वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या घरात, मागाशेजारीच वाचनमंडळ काढलं होतं. तिथे रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जाई आणि मग गावाचा कारभार कसा चालावा यावर वाद होई. पुस्तक तीनशे चाळीस पानांचं, तळटीपा चारशे बारा. सातव्या प्रकरणात गुरुजींचा राजकीय विचार होता. सर म्हणत, बाकीचं पुस्तक देह आहे, सातवं प्रकरण प्राण. आणि आता त्या प्राणाच्या जागी खतांचे हप्ते होते.

सरांच्या पत्नी अलकाबाईंनी आधी त्यांच्या हातात चहा दिला. मग प्रत घेऊन त्यांनी ती सोळा पानं नीट चाळली आणि माहिती चांगली आहे असं मत दिलं. सरांनी चहा तसाच ठेवला आणि स्कूटर काढली.

छापखान्याचा मालक यादव हा सरांचाच जुना विद्यार्थी. तो इतिहासात दोनदा नापास झाला होता, पण सरांवर त्याचा जीव होता. त्याने प्रत पाहिली आणि स्टुलावर बसला. हळूहळू उलगडा झाला. त्याच आठवड्यात शाहपुरकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाची केळी लागवडीची पुस्तिका छापली होती. कागद तोच, आकार तोच, प्रतीही तीनशेच. नेहमीचा बाइंडर लग्नाला गेला होता. बदली माणसाला मराठी वाचता येत नव्हतं. त्याने सोळा सोळा पानांचे फर्मे एकावर एक लावताना एका थप्पीची दुसरीशी अदलाबदल केली होती.

“सर, एक बात चांगली झाली,” यादव म्हणाला. “तुमची पानं वेस्ट नाही गेली.”

“कुठे आहेत?”

“शाहपुरात. केळीच्या किताबीत. मंगळवारी टेम्पो गेला.”

नवा फर्मा छापून, पुस्तकं उसवून पुन्हा शिवायची तर आठ दिवस लागणार होते. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, वाचनालयाचा हॉल ठरला होता, आणि प्रमुख पाहुणे, खंडव्याच्या एका कॉलेजचे निवृत्त प्राचार्य, दुपारच्या गाडीचं तिकीट काढून बसले होते. सर घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. कार्यक्रम रद्द करावा असं ते म्हणाले. अलकाबाईंनी थोडा विचार करून विचारलं, की प्रकाशनाच्या दिवशी पुस्तक उघडून वाचतं कोण? सरांना ते लागलं, पण खोडून काढता येईना. मग अलकाबाईंनी साडीच्या पेटीतली लाल फीत काढली आणि मंचावर ठेवायच्या पाच प्रतींना आडवी-उभी बांधून घट्ट गाठी मारल्या.

फीत सुटली ती समारंभात. ती सुटायचीच होती, त्याशिवाय प्रकाशन कसं होणार? सरांनी मनात हिशेब केला होता की पाहुणे मुखपृष्ठ दाखवतील, टाळ्या पडतील आणि प्रत टेबलावर ठेवली जाईल. पण पाहुणे भरात आले. सरांनी पाठवलेल्या दोन पानी सारांशावर ते वीस मिनिटं बोलले, आणि मग म्हणाले, की गुरुजींचे शब्दच आपण ऐकू या. उपरा फर्मा शिवताना दोरा ढिला राहिला होता. पुस्तक आपोआप तिथेच उघडलं.

पाहुण्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, “मुख्य खोडाभोवती येणारी पिले वेळीच कापावीत, अन्यथा मुख्य खोडाचे बळ जाते.”

सर खुर्चीतून अर्धे उठले. पाहुणे क्षणभर थांबले, पण मुरलेले वक्ते होते. “बघा,” ते म्हणाले, “संघटनेतल्या गटबाजीबद्दल एका साध्या विणकराने नव्वद वर्षांपूर्वी काय सांगून ठेवलंय. मूळ विचार टिकवायचा तर भोवतीचे गट वेळीच छाटले पाहिजेत.” हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

घरी परतताना सर एकदम हलके झाले होते. अब्रू वाचली होती. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांना वेगळीच चुटपुट लागली. पहिल्या चाळीस प्रती जाणकारांना भेट द्यायच्या होत्या, आणि यादवचे आठ दिवस पंधरा झाले, पंधराचे तीस झाले, तेव्हा सरांनी त्या तशाच देऊन टाकल्या. मनात कुठेतरी त्यांना वाटत होतं, एकाने तरी फोन करून ओरडावं. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं. जिल्ह्यातल्या एका नामवंत अभ्यासकांनी तर लिहून कळवलं, की सातवं प्रकरण विशेष मुळापर्यंत जाणारं आहे.

ती चिठ्ठी सरांनी अलकाबाईंना वाचून दाखवली. दोघंही हसली. मग सर हसायचे थांबले. अकरा वर्षं, ते म्हणाले, आणि कोणी पान उलटलं नाही. अलकाबाईंनी चिठ्ठी घडी घालून ठेवली. केळीची पानं सोडली तर त्यांनी तरी कुठे उलटलं होतं?

दीड महिन्याने, एका बुधवारी सकाळी, दोन बाया दारात उभ्या राहिल्या. एक साठीपुढची, काटक, उन्हाने रापलेली. दुसरी तिची सून, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तिका. सासूचं नाव धुरपदाबाई, सुनेचं रुपाली. शाहपुरच्या पुढच्या एका खेड्यातून आल्या होत्या. पुस्तिकेवरून छापखाना शोधला आणि यादवने मान खाली घालून हा पत्ता दिला होता.

सरांना वाटलं, आता केळीची पानं गेल्याबद्दल बोलणी खावी लागणार. त्यांनी आधीच माफी मागायला सुरुवात केली. धुरपदाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“मास्तर, ते राहू द्या,” त्या म्हणाल्या. “गुरुजीनं मंग काय केलं, ते मले सांगा.”

“कोणत्या गुरुजींनी?”

“तुमच्या. पेठेतले मोठे लोक आले नाहीत, मंग पुढे पन्नाच नाही.”

सर उभे होते ते बसले.

मग सगळं कळलं. धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं. रुपाली रोज दुपारी पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवायची. सोळाव्या पानानंतर गुरुजी सुरू झाले. दोघींना वाटलं, छापणाऱ्यांनी काहीतरी नवीन घातलं असेल. खत काय नंतरही देता येतं, म्हणून त्या ऐकत राहिल्या. त्यात गुरुजींचा नियम आला : बैठकीत सगळ्यात शेवटी, दाराशी बसलेला माणूस सगळ्यात आधी बोलेल, पुढे बसलेले शेवटी बोलतील. धुरपदाबाईंनी ते पान तीनदा वाचायला लावलं. तापीवरून उचललेल्या पाण्याची पाइपलाइन त्यांच्या गटाची सामायिक होती आणि यांची दोन एकर अगदी टोकाला. पाणी शेवटी यायचं, तेही आलं तर. दर महिन्याच्या बैठकीत वरच्या अंगाचे बागायतदार बोलायचे आणि टोकाचे माना हलवायचे. मागच्या महिन्यात धुरपदाबाई पुस्तिका घेऊन उभ्या राहिल्या. रुपालीने नियम वाचून दाखवला. लोकांना वाटलं, केळीच्या किताबीत छापलंय म्हणजे शास्त्र असणार. नियम मंजूर झाला. बारा वर्षांत पहिल्यांदा धुरपदाबाई बैठकीत बोलल्या.

आता परवा शुक्रवारी पुढची बैठक होती, आणि वरच्या अंगाचे मोठे पाटील येणार नाहीत असा निरोप आला होता. ते नाहीत तर बाकीचेही नाहीत. आणि पुस्तिकेतलं वाक्य नेमकं तिथेच तुटलं होतं : ‘पुढच्या बैठकीला पेठेतली बडी मंडळी आलीच नाहीत, तेव्हा गुरुजींनी’.

सर उठले. त्यांनी पुस्तक काढलं, एकशे एकोणतिसावं पान उघडलं आणि सांगू लागले. पण पहिल्याच वाक्याला तीन तळटीपा होत्या. पहिली तळटीप झाली, दुसरी झाली, तिसरीला धुरपदाबाई म्हणाल्या, “हे खालचं बारीक राहू द्या. माणसं सांगा.”

सरांनी पुस्तक मिटलं. आणि मग त्यांनी तोंडानेच सांगितलं. बडे लोक येत नाहीत म्हटल्यावर गुरुजींनी बैठकच उचलली आणि पेठेतल्या सगळ्यात मोठ्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर नेऊन मांडली. भांडण नाही, घोषणा नाही. चाळीस विणकर ओट्यावर बसले आणि वर्तमानपत्र वाचू लागले. आपल्याच ओट्यावर चाललेल्या बैठकीला घरधनी गैरहजर कसा राहणार? पहिल्या दिवशी त्याने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. तिसऱ्या दिवशी येऊन बसला, आणि सगळ्यात उशिरा आला म्हणून दाराशीच बसावं लागलं, आणि नियमाप्रमाणे त्यालाच आधी बोलायला सांगितलं.

धुरपदाबाई तोंडावर पदर धरून हसल्या. सर हातवारे करत सांगत होते, त्या व्यापाऱ्याचा आवाज काढत होते. वर्गात तरी त्यांनी असं कधी सांगितलं होतं का, त्यांना आठवेना. मधेच त्यांचं लक्ष गेलं. अलकाबाई गॅस बंद करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसल्या होत्या. “पुढे?” त्या म्हणाल्या.

दीड तासाने बाया उठल्या तेव्हा सरांनी त्यांना पुस्तकाची प्रत दिली. देताना ते ओशाळले, कारण तिच्यात सातव्या प्रकरणाची सोळा पानं नव्हती. रुपालीने पानं चाळली आणि म्हणाली, “सर, आमची केळीची पानं यातच आहेत की. तुमची आमच्याकडे. दोन्ही मिळून सब पूरा.”

सरांना ते एकदम पटलं. यादवकडून उसवून घ्यायची म्हणून घरी ठेवलेली पुस्तकं उसवायची गरजच नव्हती. ज्यांच्याकडे ती पुस्तिका होती, त्यांच्याकडे सरांच्या पुस्तकाचा प्राण आधीच पोहोचला होता. देह तेवढा पाठवायचा राहिला होता. दुपारीच यादवला फोन गेला. त्याने आनंदाने टेम्पो सांगितला, आणि उरलेल्या अडीचशेवर प्रती दिवाणाखालून निघून शाहपुरच्या वाटेला लागल्या. चाळीस जाणकारांचं काय, असं यादवने विचारलं. सर म्हणाले, त्यांना घाई नाही.

शनिवारी सकाळी रुपालीचा फोन आला. सरांनी फोन स्पीकरवर टाकला. बैठक पाटलांच्या ओट्यावर झाली होती. पाटील अर्धा तास आतच बसले. शेवटी त्यांची बायको पाणी घेऊन बाहेर आली आणि तीच ओट्याच्या कडेला बसून ऐकू लागली, मग पाटलांना यावंच लागलं. आता एक महिना पाणी वरून सुटणार, एक महिना टोकाकडून. सरांनी तीनदा शाब्बास म्हटलं.

“सर, अजून एक,” रुपाली म्हणाली. “आमच्या सासूबाई विचारू राहिल्या, गुरुजीच्या बायकोचं नाव काय होतं? रोज एवढी माणसं घरी येऊन बसायची, त्यांचं सगळं करत कोण होतं? किताब शेवटपर्यंत चाळली, तिचं नाव कुठंच नाही.”

सरांनी मनात शोधलं. पुस्तकाच्या शेवटी सहाशे नावांची सूची होती. ती त्यांना पाठ होती. सांगतो, म्हणाले, आणि फोन ठेवला.

अलकाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं, पदराला हात पुसले. लोधीपुऱ्यात मालूबाई आहेत ना, त्या म्हणाल्या, गुरुजींची पुतणी. नव्वदीच्या असतील. चला, मीही येते.

मालूबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. त्यांना कमी दिसायचं, पण सरांचा आवाज त्यांनी ओळखला. सरांनी गुरुजींच्या बायकोचं नाव विचारलं.

“मास्तर, तुम्ही तीनदा आले इथं,” त्या म्हणाल्या. “तिन्ही बार विचारलं, गुरुजी काय बोलत. काकूचं आज विचारलं.” मग त्यांनी शेजारची चटई पुढे सरकवली. “मथुरा नाव होतं तिचं. बसा. येळ लागेल.”

सरांनी घाईघाईने वही उघडली, पेनचं टोपण काढलं. अलकाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“आधी ऐका,” त्या म्हणाल्या.

सरांनी टोपण लावलं आणि ते चटईवर अलकाबाईंच्या शेजारी बसले.