खूण बुजवा, काकू!

आमच्या शेजारच्या रंगनाथकडं मिठाच्या डब्यावर 'साखर' लिहिलंय आणि साखरेच्या डब्यावर 'जिरं'. का, तर चोराला काही कळू नये! त्याच्याकडं पहिला चहा घेतला तो खारट. तो मात्र मुकाट्यानं पीत होता.

"अरे, चोर मीठ कशाला नेईल?"

"सवय पाहिजे, काकू. खूण बुजवायची सवय."

त्याचे वडील करमाडकडं मेंढरं राखायचे. मेंढरू चोरणारा आधी त्याच्या पाठीवरची रंगाची खूण बुजवतो, हे यानं लहानपणी पाहिलेलं. आता घरी बसून 'जावा' नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. एकदा कुणीतरी त्याचा प्रोग्राम उलगडून, वाचून, आपला म्हणून विकला. तेव्हापासून यानं चोराचीच युक्ती उचलली.

"त्यापेक्षा कुलूप लाव की," मी म्हटलं.

"लावतेत ना, त्याला एन्क्रिप्शन म्हणतेत. पण प्रोग्राम चालायचा तर कुलूप उघडाया लागतं. म्हंजे किल्ली संगंच द्यायची. उंबऱ्यावर किल्ली ठेवून गावाला जायचं व्हय?"

म्हणून तो आतली नावंच बदलतो. टाकीचं 'अ', गल्लीचं 'ब'. मशीनचं काही अडत नाही, वाचणारा मात्र भंजाळतो.

दुष्काळ पडला, त्यात शहर वाढत वाढत आमच्या वसाहतीपर्यंत आलेलं. नळ कोरडे. टँकरवर कुणी आधी भरायचं, ते नंबर रंगनाथचा प्रोग्राम लावायचा. एका दुपारी तो बंद पडला. कोपऱ्यावर टँकर उभा, हंड्यांची गर्दी, आणि ड्रायव्हर ओरडतोय, "नंबर सांगा, नायतर मी चाललो!"

खऱ्या नावांची प्रत होती जुन्या कॉम्प्युटरात, अन् तो उन्हाळ्यातच जळालेला. मग काय, रंगनाथ आपलाच प्रोग्राम चोरासारखा उलगडून बसला. सगळीकडं अ, ब, क.

"घ्या! चोराच्या आधी मालकच भंजाळला," मी म्हटलं. तो बोटानं एकेक ओळ चाळत राहिला.

तेवढ्यात त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथं लिहिलं होतं, 'शांता'.

शांता म्हणजे त्याची बायको. आता नाही ती. टँकर आला की कमरेला पदर खोचून उभी राहायची, "आधी बाळंतिणीला भरू द्या गं!" तो नियम यानं तिच्या नावानं लिहिलेला. त्या नावाचा माग धरत धरत त्याला बिघाड सापडला. उन्हं कलायच्या आत टँकरचं पाणी सुटलं. पहिला हंडा बाळंतिणीच्या घरचा.

संध्याकाळी त्याच्याकडं बसले होते. विचारलं, "हीच एक खूण कशी रे राहिली?"

तो गाळणी धुवत होता. पाठमोराच म्हणाला, "हात धजला नाय, काकू. घरात हाक मारायला एक तरी नाव पाहिजे का नको?"

चहा खारटच होता. मीही मुकाट्यानं प्याले.