सिदोपंतांनी निवडीची रीत बांधिली ते वर्तमान

श्री ग्रामदैवते साक्ष ठेवून घडले तैसे लिहिले ऐसे. शके १६९२ विकृतिनाम संवत्सरे, माघमासी, नदीपलीकडील राज्याचे महाराज निपुत्रिक वारले, आणि राणीसाहेबांनी आज्ञा केली की, गावोगावी रयतेने, बायकांसुद्धा, आपला कारभारी आपण निवडावा, आणि निवडीची रीत सिदोपंत चिटणीसांनी बांधावी. सिदोपंत साठीचे, अक्षर मोत्याऐसे, आणि जुन्याची आवड बहुत. त्यांचे मनात आले की, रीत बांधणे ते काय, ती आहेच. त्यांचे वडगावी पाटील निवडणे ते दर माघी ओढ्याकाठचे माळावर होई, आणि ज्यास जो मान्य त्याचे मागे तो जाऊन बसे. बायका हुरडा भाजीत, म्हातारे घोंगड्या अंथरीत, आणि सगळा गाव एकमेकांस डोळे भरून पाही. त्यांचे बाळमित्र भिवजी पाटील, त्यांचे मागे तीस वर्षे सारा गाव बसत आला. तेच राज्यभर चालवावे ऐसा बेत करून पंत वडगावी गेले, आणि वाटेत गोजाई कोष्टीण माग चालवीत होती तिजला सहज पुसिले, "बाई, माळावरची ही बसणूक तुम्हांस गोड लागते ना?"

गोजाई धागा जोडीत म्हणाली, "पंत, माझ्या घरधन्याने एके साली दुसऱ्याच्या मागे बैठक घातली. त्या उन्हाळ्यात पाटलांच्या माणसांनी आम्हांस विहिरीवर चढू दिले नाही. तेव्हापासून आम्ही पाटलांच्याच मागे बसतो."

पंत म्हणाले, "मजला हे कोणी बोलले नाही."

"तुम्ही पाटलांच्या घोंगडीवर बसत होता, पंत."

मग पंतांस आठ दिवस अन्न गोड लागेना आणि लेखणी चालेना; आणि नवव्या दिवशी त्यांनी रीत लिहिली ऐसी की, कनातीआड दोन मडकी ठेवावी, एक हळद लाविलेले, एक तांबडी काव लाविलेले, आणि ज्याने त्याने एकेक चिंचोका आत टाकावा. चिंचोके एका अंगाने घासून द्यावे, म्हणजे घरचे कोणी आणून घालणार नाही; आणि मडक्यांत राख भरावी, म्हणजे कोठे पडला तो आवाज बाहेर येणार नाही. कोणाचा चिंचोका कोठे गेला ते कोणी पुसू नये, पुसिल्यास सांगू नये.

पहिली निवड वडगावीच जाहली. हळदीचे मडके भिवजींचे, कावेचे रायाजी साळ्याचे. मग राख चाळिली तो रायाजीस दोनशे बारा आणि भिवजींस सदतीस निघाले. भिवजी उठून ओढ्याकडे चालिले, आणि पंत त्यांचे मागोमाग गेले.

भिवजी म्हणाले, "तीस वर्षे माझ्या मागे बसले, सिदोबा. माझे नव्हतेच काय?"

"काही होते. किती, ते तुलाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते."

भिवजी पाण्याकडे पाहात हळूच म्हणाले, "आणि तुझा चिंचोका?"

पंतांचे ओठावर शब्द आला होता, आणि त्या एका शब्दाने मित्राचे मन निवते किंवा मोडते, परंतु त्यांनी तो गिळिला आणि म्हणाले, "भिवा, रीत मी बांधिली आहे."

भिवजींनी पागोटे सावरिले. मग म्हणाले, "ऊन चढले. जेवून जा." आणि दोघे एका पंक्तीस जेविले, परंतु पहिल्यासारखे बोलणे जाहले नाही.

पुढे तीच रीत सात परगण्यांत चालिली. माणसे एकेक येत, चिंचोका टाकीत आणि घरी जात. माळावर गवत वाढिले. सिदोपंतांस रीत बांधिल्याचा पस्तावा कधी जाहला नाही, परंतु माघ लागला म्हणजे हुरड्याचा वास आठवून डोळे भरत. आपला चिंचोका कोणत्या मडक्यात पडला ते त्यांनी अंतकाळी पत्नीसही सांगितले नाही. इतके वर्तमान घडले, ते लिहिले.