माशाच्या पोटातलं गुपित

"सूनबाई, पोट बंद करायच्या आधी आत डोकावून बघ. दिवा लागला की पोटातलं सगळं जगाला दिसतं."

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, तरी कंदिलाच्या सांगाड्यावर रेशीम चिकटवायला बसलं की सूफेनच्या कानात हे वाक्य हमखास उमटायचं. चीनमधल्या झिगोंगमध्ये प्राण्यांच्या आकाराचे कंदील करणाऱ्या बायका पुष्कळ, पण सासूबाईंनी चिकटवलेल्या रेशमाला सुरकुती म्हणून सापडत नसे. सूफेन त्यांच्याच हाताखाली तयार झाली. इतक्या वर्षांत ती आत डोकवायला एकदाही विसरली नव्हती. विसरली ती नेमकी या पौर्णिमेला.

त्या दिवशी तिचा उपास होता. डोंगरावरचं ग्वानयिन मातेचं देऊळ दिवेलागणीला बंद होतं, त्याआधी उदबत्ती लावायचा तिचा नेम. आणि कारखान्यात डेन्मार्कला जायच्या लाल माशाच्या कंदिलाच्या पोटाचा शेवटचा तुकडा तेवढा उरला होता. तीन ट्रक एकापुढे एक उभे करावेत एवढा मोठा तो मासा. सूफेन शिडीवर चढली, भराभर डिंक लावला, रेशीम ताणलं, कडा दाबल्या आणि चपला पायात सरकवत देवळाकडे पळाली.

या माशात तिचा जीव अडकला होता. तिची लेक श्याओतिंग लग्न होऊन त्याच डेन्मार्कमध्ये राहत होती. नातीचा जन्म झाला तेव्हा सूफेनने मातेपुढे हात जोडले होते, 'तिला मांडीवर घेईन तेव्हाच मांसाला तोंड लावीन.' नात आता चालायला लागली, आजी अजून भाजीपाल्यावर. दिवे लावून घ्यायच्या चाचणीत मासा पसंत पडला तर तो तिकडे उभा करायला आणि फाटलंतुटलं सांधायला कारागीर जाणार होते, आणि मालक झोंगनी तिचं नाव घालायचं कबूल केलं होतं. नापसंत झाला तर कोणीच जाणार नव्हतं.

देवळातून ती घरी आली आणि वळचणीखाली बघते तर बांबू रिकामा!

वर्षाचा शेवटचा महिना. घरोघर सॉसेज भरायचे दिवस. स्वतः खायचं नसलं तरी नवऱ्यासाठी तिने मिरची आणि तिरफळासारखे झणझणीत दाणे घालून सॉसेजच्या लांबलचक माळा भरल्या होत्या. मीठ शेजारणीकडून चाखून घेतलं होतं. सकाळी नवऱ्याला, ग्वांगवूला, सांगितलं होतं, "अहो, मांजर पोचणार नाही आणि वारा लागेल, अशा जागी टांगा."

तो कारखान्यातला वायरमन. दुपारीच नदीकाठच्या दुसऱ्या कामावर गेला होता. तिने फोन लावला.

"टांगलेत ना हो नीट?"

"नीट? अगं, मांजरीचा बाप आला तरी पोचणार नाही!"

म्हणजे टांगले होते, आणि गेले. सूफेनने शेजारणीकडे गाऱ्हाणं केलं. नवऱ्याला मात्र तिने काही सांगितलं नाही. सॉसेजसाठी वर्षभर वाट बघणारा माणूस, चाचणीच्या तोंडावर त्याचं मन कशाला मोडा?

दुसऱ्या दिवशी आणखीच गोंधळ. कारखान्यात शिरावं तर सॉसेजचा घमघमाट! सूफेनला वाटलं, माता आपली परीक्षा बघते आहे. ती जपमाळ भराभर ओढू लागली. पण नाकं मुरडायला लागल्या बाकीच्या बायका.

"वहिनी, तुमचेच सॉसेज गेले ना?" एक म्हणाली. "हा वास त्या पांगच्या खोपटातून येतोय. लिहून ठेवा."

पांग हा कारखान्याचा राखणदार. त्याचं खोपट माशाच्या शेपटीला लागूनच. दुपारी सूफेन त्याच्या दारात गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पांगदादा, वास फार छान येतोय नाही?"

आरडाओरडा परवडला असता. हळू आवाजातला संशय माणसाला जास्त झोंबतो.

"मी चोर?" पांग ताडकन उठला. "वहिनी, तुमच्याच ग्वानयिन मातेची शपथ! चोर सापडेपर्यंत मांसाचा तुकडा तोंडात घालणार नाही. नवीन वर्षाच्या जेवणालासुद्धा नाही!"

आणि तो खरोखरच उकडलेला कोबी खायला लागला. तेही दार उघडं ठेवून, सगळ्यांना दिसेल असा.

चाचणीच्या संध्याकाळी डेन्मार्कहून मासा पसंत करायला आलेल्या कर्स्टनबाई दुभाषी मुलीला घेऊन हजर झाल्या. ग्वांगवूही परतला होता. त्याने कळ दाबली. शेपूट उजळली, कल्ले उजळले, खवले निखाऱ्यासारखे फुलले. सगळ्यांनी "वा!" म्हणायला तोंड उघडलं. मग पोट उजळलं, आणि तोंडं तशीच उघडी राहिली.

पोटात काळ्या सावल्या लोंबत होत्या. जाड, लांब, जागोजागी गाठी मारलेल्या माळा. वाऱ्याने मासा डोलला की त्याही सावकाश झुलत होत्या.

गाठी सूफेनने तत्काळ ओळखल्या. दर वितीला दुहेरी गाठ मारायची सवय गावात तिची एकटीची.

ग्वांगवू तिच्या कानाशी आला. "बघ," तो खुशीत कुजबुजला, "काय मस्त वाळलेत!"

"अहो! माशात?"

"तूच म्हणालीस ना, उंच, वाऱ्याची जागा. तेव्हा पोट उघडं होतं. मला काय ठाऊक तू न बघता बंद करशील?"

सूफेनने डोळे मिटले. 'माते, एवढं निभावून ने. माझे सॉसेज घेऊन मी पांगदादांच्या दारात जाते, त्यांची माफी मागते.'

"हे काय आहे, असं बाई विचारतायत," दुभाषी मुलगी म्हणाली.

मालक झोंगना दरदरून घाम फुटला. "सांग... काहीतरी सांग!"

"काहीतरी म्हणजे काय सांगू, मालक?"

"माशाच्या पोटात काय असतं? आतडी! आतडी म्हणून सांग!"

मुलीने सांगितलं. कर्स्टनबाई कितीतरी वेळ पोटाकडे बघत राहिल्या. मग एकदम भडाभडा बोलू लागल्या. मुलगी गोंधळून ऐकत होती.

"त्या म्हणतायत, इतकी वर्षं कंदील बघतेय, सगळे प्राणी आतून पोकळ. माशाला पोट असतं हे पहिल्यांदाच कुणाला तरी सुचलं. आमची पोरं वेडी होतील. खेकड्याच्या कंदिलालाही आतडी घालता येतील का, विचारतायत. आणि ही आतडी ज्यांनी केली, ते कारागीर बरोबर आलेच पाहिजेत."

"केली कोणी?" मालकांनी वळून विचारलं. त्यांना खरंच काही कळलेलं नव्हतं.

"हिने," ग्वांगवूने अभिमानाने बायकोकडे बोट केलं. "दरवर्षी हीच भरते."

कर्स्टनबाईंनी सूफेनचे दोन्ही हात हातात घेतले.

पाहुण्या गेल्यावर तिने मालकांना खरं काय ते सांगितलं. मालक आधी खाली बसले, मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण परदेशात मांस न्यायला बंदी. म्हणून दुसऱ्या दिवशी पोट उघडून सूफेनने सगळ्या माळा उतरवल्या आणि रेशमात कापूस भरून हुबेहूब तशाच नव्या माळा केल्या. गाठी दर वितीला, दुहेरी.

ग्वांगवू खाली हात पसरून उभाच होता. तिने दोन माळा त्याच्या गळ्यात घातल्या आणि बाकीच्या कापडात बांधल्या.

"बाकीच्या कुठे गं?"

"मातेला शब्द दिलाय."

"माता तर शाकाहारी!"

सूफेन पुन्हा शिडीवर चढली. शेवटचा तुकडा चिकटवायला तिने डिंक घेतला, आणि हात थांबला. तिने बॅटरी लावून आत डोकावून बघितलं. कापसाच्या माळांवर अंगाचं मुटकुळं करून कारखान्याची मांजर झोपली होती.

"बघितलं हो, सासूबाई," ती पुटपुटली.

तिने मांजरीला अलगद बाहेर काढलं, पोट बंद केलं. मग एका काखेत मांजर आणि दुसऱ्या काखेत सॉसेजचं गाठोडं घेऊन ती माशाच्या शेपटीला वळसा घालून निघाली. समोरच्या खोपटाच्या उघड्या दारातून उकडलेल्या कोबीचा वास येत होता.