प्राण चार टक्के, मॅना शंभर टक्के

गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्याकडचा मॅना संपला, ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही. संपला तेव्हा पथकातली एकमेव हीलर मी होते, समोर तीन डोक्यांचा अजगर होता आणि माझे मामा त्याच्या मधल्या डोक्याच्या तोंडात होते.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही चौघं आपापल्या घरी, कानाला हेडफोन लावून, संगणकावर एकाच तळघरात उतरतो. त्या तळघराला डंजन म्हणतात. तिथे राक्षस असतात. पुढे उभं राहून राक्षसाचा मार एकट्याने खायचा, हे ज्याचं काम तो टँक. आमचे टँक मामा. मागून राक्षसाला मारायला दोघं आहेत: एक माझी वहिनी, तिच्याकडे धनुष्य आहे, दुसरा आमच्या इमारतीचा इलेक्ट्रिशियन, जो गेल्या वर्षी मामांचा राउटर बघायला आला आणि खंजीर घेऊन राहिला. टँकच्या डोक्यावरची लाल पट्टी म्हणजे त्याचा प्राण. माझी निळी पट्टी म्हणजे मॅना. निळं खर्च करून दुसऱ्याचं लाल भरायचं, एवढंच माझं, म्हणजे हीलरचं, काम. निळं संपलं की मी म्हणजे हातात काठी घेतलेली नुसती सद्भावना.

आणखी एक. आमच्या सर्व्हरवर मेलेलं पात्र पुन्हा उठत नाही. नाव, चिलखत, ढाल, सगळं पुसलं जातं. मामांचा 'भक्कमराव' सतरा महिन्यांचा आहे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला जन्माला घातला.

"तीस वर्षं हे ऑफिसात कायम कोणाच्या तरी मागे उभे राहिले," मामी सांगते. "आता बघ. अजगर आला की पहिले हे पुढे. मला तर लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं, यांना आवाज आहे."

तर त्या रविवारी इलेक्ट्रिशियनने अजगराच्या शेपटीत खंजीर खुपसून त्याचं लक्ष वळवलं आणि भक्कमराव तीन टक्के प्राण घेऊन बाहेर आला. लगेच तिथेच, अजगराच्या गुहेबाहेर, बैठक भरली.

"मॅना गेला कुठे?" मामांनी विचारलं.

"वहिनीत," मी म्हणाले.

वहिनी आगीत उभी राहते. जमिनीवर आग लागली की शहाण्या माणसाने दोन पावलं सरकायचं असतं. वहिनी सरकत नाही.

"तिथून नेम बरा लागतो," ती म्हणाली. "आणि तू भरतेसच की."

"मला महिन्यात एकदाच मिळालाय तो हील," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "तोही ताईंचा हात चुकला म्हणून. माझी तक्रार नाही. फक्त नोंद असावी."

"नोंद!" मामांचा आवाज एकदम बदलला. मामा कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. "कोणाला किती, कधी, कशासाठी, याची नोंदच नाही ना आपल्याकडे? अगं, इथेच तर गोम आहे!"

सोमवारी सकाळी ग्रुपवर परिपत्रक आलं. मॅना ही सामूहिक बाब असून तिचा विनियोग विहित पद्धतीनेच करण्यात यावा. जखमी सदस्याने चॅटमध्ये अर्ज करावा. अर्जात जखमेचं स्वरूप, जखमेचं कारण आणि जखम टाळता आली असती का, हे नमूद करावं. मंजुरी टँक देतील. मंजुरीशिवाय हीलरने बटणाला हात लावू नये.

पुढच्या रविवारी आम्ही कोळ्यांच्या डंजनमध्ये उतरलो. पहिला अर्ज वहिनीचा आला. "स्वरूप: भाजले. कारण: आग. टाळता आली असती का: हो, पण." मामांनी तो वाचला, विचार केला आणि 'मंजूर' असं टाइप केलं. टाइप करायला ढालीवरचा हात काढावा लागतो. तेवढ्यात भक्कमरावाला कोळी तीनदा चावला.

"हे काही खरं नाही," मामा म्हणाले. "ऐन लढाईत अर्ज आले तर मी लढू कधी? यापुढे अर्ज जखम व्हायच्या आधी द्यायचे."

ते रास्तच होतं. पुढच्या दालनाच्या दाराशी थांबून सगळ्यांनी आगाऊ अर्ज भरले. इलेक्ट्रिशियनने लिहिलं, "चार वाजून वीस मिनिटांनी डाव्या खांद्याला कोळी चावण्याची शक्यता आहे." प्रत्यक्षात कोळी चार तेवीसला उजव्या खांद्याला चावला. अर्ज त्रुटी दाखवून परत आला.

"मामा, कोळ्याने ऐनवेळी बेत बदलला, त्याला मी काय करू?"

"मग कोळ्याचं तसं पत्र जोड."

वहिनीने मात्र सावधपणे दोन्ही खांदे, दोन्ही पाय, पाठ आणि 'इतर' अशा सर्व जखमांसाठी अर्ज करून ठेवले होते. ते सगळे मंजूर झाले. तिला ओरखडाही न येता तिच्या नावावर माझा अर्धा मॅना राखीव पडला. यावर तोडगा म्हणून, आणि मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी मॅना उचलू नये म्हणून, हयातीचा दाखला सक्तीचा झाला. अर्जदाराने जागच्या जागी तीन उड्या मारून दाखवायच्या. दोन हयात सदस्यांनी त्या पाहिल्या असं लिहून द्यायचं.

मी त्या दिवशी जे पाहिलं ते विसरणं कठीण आहे. अंगावर आठ पायांचं जनावर चढलेलं, प्राण सहा टक्के, आणि आमचा इलेक्ट्रिशियन उड्या मारतोय.

"एक! दोन! बघताय ना सगळे? वहिनी, इकडे बघा ना!"

"मी आगीत आहे रे!"

मी बटण दाबलं.

इथे माझ्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी लिफ्टच्या एका कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसते. सोमवार ते शनिवार, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना मी शांत आवाजात सांगते की आपली तक्रार नोंदवली आहे. मी काही दाबलं आणि कोणाचं तरी बरं झालं, असं माझ्या आयुष्यात फक्त रविवारी दुपारी चारनंतर घडतं.

इलेक्ट्रिशियनची लाल पट्टी सर्रकन भरली. कोळी मेला. सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस आली.

"पण तो वाचला ना, मामा?" मी फोनवर म्हणाले.

"वाचला हे आम्हाला मान्यच आहे. प्रश्न तो नाही. कोणाच्या आदेशाने वाचला?"

साक्ष देणारा अर्थातच वाचलेला माणूस होता. "ताई, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही," तो म्हणाला. "पण दाबलं तुम्हीच, हे मला सांगावं लागणार. त्यांनी विचारलंय ना." मला समज देण्यात आली. पुन्हा असं घडल्यास पथकातून कमी करण्यात येईल, आणि रविवारी चार वाजता मी काय करावं हा सर्वस्वी माझा प्रश्न राहील.

एक मुद्दा वहिनीने काढला. "मामा, तुम्हाला लागलं तर तुमचा अर्ज कोण मंजूर करणार?"

मामांनी आपलंच परिपत्रक पुन्हा उघडून वाचलं. सरळ माणूस आहे हो. तीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी आणली नाही. "माझा अर्ज मीच मंजूर करणं बसत नाही," ते म्हणाले. "उद्या कोणी बोट दाखवायला नको. टँकच्या अर्जावर तू निर्णय घ्यायचास."

त्यामुळे वहिनी सक्षम प्राधिकारी झाली. तिने त्या दिवसापासून आगीतून बाहेर येणंसुद्धा कमी केलं.

गेल्या रविवारी आम्ही शेवटच्या दालनात पोचलो. तिथे दगडाचा राक्षस राहतो. खेळाच्या मार्गदर्शिकेत त्याच्याबद्दल एकच ओळ आहे: 'टँकला सतत भरत राहा.' मामांनी ती ओळ वाचली होती. "सतत म्हणजे किती, हे त्यांनी स्पष्ट केलेलं नाही," असा त्यांचा शेरा होता.

सुरुवात उत्तम झाली. भक्कमराव ढाल धरून उभा, राक्षस त्याच्यावर मुठी आपटतोय, मागून बाण, बाजूने खंजीर. माझी निळी पट्टी काठोकाठ भरलेली, कारण अजून एकही अर्ज पूर्ण झाला नव्हता. भक्कमराव चाळीस टक्क्यांवर आला आणि मामांनी अर्ज टाकला. मी तो अर्ज पाहिलाय. काना, मात्रा, वेलांटी, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. असा अर्ज मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

त्याच क्षणी वहिनीच्या दाराची बेल वाजली.

"आले हं! कुरियरवाला आहे, सही मागतोय." हेडफोन ठेवल्याचा आवाज आला.

"मामा, भरू का?" मी विचारलं.

"मंजुरी आली?"

"वहिनी दारात आहे."

"मग थांब."

बावीस टक्के.

"मामा, मी भरते. कार्योत्तर मंजुरी घेऊ ना नंतर!"

"कार्योत्तर मंजुरीला सबळ कारण लागतं."

"तुम्ही मरताय!"

"ते कारण झालं. सबळ कशावरून?"

"मामा, तोवर उड्या तरी मारून ठेवा!" इलेक्ट्रिशियन ओरडला. "वहिनी आल्या की तेवढ्यासाठी अडायला नको!"

हे मामांना पटलं. भक्कमराव, सतरा महिन्यांचं पोलादी चिलखत घालून, डोंगराएवढ्या राक्षसासमोर उड्या मारू लागला. उडी मारताना ढाल खाली येते. पहिल्या उडीला चौदा टक्के. दुसऱ्या उडीला नऊ. तिसरी उडी फारच चांगली झाली. चार टक्के.

मामांच्या माइकमधून मागे मामीचा आवाज आला. "अगं, दाब की मेले! बघत काय बसलीयेस?"

"तू मध्ये बोलू नकोस," मामा तिला म्हणाले. "तू सदस्य नाहीस." आणि मग मला, अगदी हळू, "तिला यायला किती वेळ लागेल गं?"

माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर भक्कमराव उभा राहिला असता, हे मला माहीत होतं. पुढचा रविवार मला मिळाला नसता, हेही माहीत होतं. मी माझ्या फोनवरच्या आवाजात म्हणाले, "मामा, आपला अर्ज नोंदवला आहे."

राक्षसाने मूठ आपटली.

भक्कमराव पडला तेव्हा मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. ढाल थोडा वेळ गोल फिरत राहिली. मग नाव पुसलं गेलं, मग चिलखत, मग ढाल.

"मंजूर!" वहिनी धावत आली. "मंजूर, मंजूर! कुठे आहेत मामा?"

इलेक्ट्रिशियनने खंजीर खाली केला. राक्षससुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मग हेडफोनमध्ये मामांनी घसा खाकरला.

"मॅना किती शिल्लक आहे?"

"शंभर टक्के, मामा."

"शंभर?"

"शंभर."

"एक थेंबही वाया गेला नाही?"

"नाही."

"तीस वर्षांत," मामा म्हणाले आणि त्यांनी नाक शिंकरलं, "तीस वर्षांत आमच्या कार्यालयाला हे एकदाही जमलं नव्हतं."

सोमवारी मला प्रशस्तिपत्रक मिळालं. इतर पथकांनी आमचा आदर्श ठेवावा असं त्यात म्हटलंय, आणि दोन पथकांनी तो ठेवलाही. त्यांचे टँक परवाच वारले. बुधवारी मामीचा फोन आला. म्हणाली, हे संगणकासमोर जाऊन बसतात, पण सुरू करत नाहीत. बंद पडद्याकडे बघत बसतात. विचारलं तर म्हणतात, चौकशी चालू आहे.

चौकशी खरोखरच चालू आहे. मॅना वाचला हे उत्तमच. पण टँक गेला, तेव्हा कोणीतरी जबाबदार असणारच, असा मामांचा मुद्दा आहे आणि तो बिनतोड आहे. चौकशीच्या नमुन्यात प्रश्न एकच आहे: 'घटना घडताना उपस्थित असून ज्यांनी काहीही केले नाही, अशा व्यक्तींची नावे.' तो मला भरून द्यायचाय. मी नीट विचार केला. वहिनी सही करत होती. इलेक्ट्रिशियन उड्या मोजत होता. मी नियम पाळत होते, त्याचं पत्र माझ्याकडे आहे. मामीने तर तोंडाने का होईना, प्रयत्न केला.

राहता राहिलं एकच माणूस. ते अजगरापासून आमच्याबरोबर होतं. त्याने प्रत्येक परिपत्रक वाचलं. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती, त्याला कोणी समज दिलेली नव्हती, आणि भक्कमराव उड्या मारत होता तेव्हा ते हसत होतं.

रकान्यात मी तुमचं नाव लिहिलंय: 'वाचक'. पत्ता माहीत नव्हता, पण त्याने काही अडत नाही. मामा शोधून काढतील. आता त्यांना रविवारी वेळच वेळ असतो.